आवाज एकदम क्लिअर

घरातल्या थोरल्या लेकीचा, भोंग्याचा, राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण त्या शनिवारी दुपारी तो नाकावर थांबला नाही. तिने हातातला पाण्याचा काचेचा ग्लास टीव्हीसमोरच्या टेबलावर असा आदळला की त्याचे चार तुकडे झाले आणि पाणी नव्याकोऱ्या डीव्हीडीच्या डबीवर सांडलं. सोफ्यावर बसलेल्या आईला तो आवाज ऐकू आला नाही, कारण आईला जन्मापासून काहीच ऐकू येत नाही. फक्त जमिनीचा हादरा तिच्या तळपायांना कळला. तिने लेकीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे डोळे लावले.

टीव्हीवर बाबा होते. तीन आठवड्यांपूर्वी गेलेले बाबा, दवाखान्याच्या खाटेवर उशीला टेकून बसलेले, आणि पडद्यात मावेनात एवढे मोठे. कपाळ, डोळे, पांढरे खुंट वाढलेली हनुवटी, गळ्याचा खळगा. खांदे सारखे हलत होते. पण गळ्याच्या खाली पडदा संपत होता.

बाबांचे हात कुठेच नव्हते.

हात नसले तर नसले, चेहरा तर दिसतोय, असं कुणी म्हणेल. साहेबही नेमकं हेच म्हणाला, आणि म्हणूनच ग्लास फुटला. कारण बाबाही आईसारखेच होते. त्यांचं सगळं बोलणं हातात. अशा माणसाचे हात कापून चेहरा तेवढा ठेवायचा म्हणजे जीभ छाटून फोटो भिंतीला लावण्यासारखं.

"हात कुठे गेले?" ग्लास फुटायच्या आधी भोंग्याने विचारलं होतं. तिचा आवाज हळू नसतोच.

"कुणाचे?" साहेब म्हणाला.

साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मोठ्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसतो म्हणून हे नाव भोंग्यानेच ठेवलेलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. आईबाबांच्या हातांत त्याचं नाव वेगळं होतं: उजव्या भुवईवर बोट. लहानपणी बाबांच्या हत्यारांच्या पेटीवर पडून तिथे खोक पडली होती. भोंग्याचं हातातलं नाव म्हणजे तोंडासमोर मूठ धरायची आणि झटकन उघडायची. बहिऱ्या आईबाबांच्या घरात तान्ही असताना ती इतकी रडायची की शेजारीच धावून यायचे. पुढे तीच बसस्थानकावर सूचना द्यायच्या खोलीत लागली. फलाट चारवरच्या माणसांना आधी तिचा आवाज पोचतो, मग लाउडस्पीकरचा, असं तिथले कंडक्टर म्हणतात.

"कुणाचे म्हणजे? बाबांचे! अकरा मिनिटांचं आहे ते, आतापर्यंत एकदा तरी हात दिसला तुला?"

"ताई, ओरडू नकोस. मी काल घरी पूर्ण बघितलंय. चेहरा बघ किती स्वच्छ आलाय."

"पूर्ण बघितलंस?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानदाराने घोळ घातला असता तर तिने दुकानदाराला धुतलं असतं आणि विषय संपला असता. पण पोटच्या पोराने अकरा मिनिटं बाप बघितला आणि बाप काय बोलतोय ते दिसत नाही, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. येणार कसं? तो कधी हातांकडे बघतच नव्हता.

ते चित्रण बाबांनी आईसाठी केलं होतं. शेवटच्या आठवड्यात, आई घरी आंघोळीला गेली असताना, त्यांनी नर्सला खुणेने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायला लावला आणि त्याच्यासमोर अकरा मिनिटं बोलले. संध्याकाळी आईला म्हणाले, फोनमध्ये तुझ्यासाठी काही ठेवलंय, इथे बघू नकोस, घरी मोठ्या टीव्हीवर बघ. आधी तू, मग बाकीचे. आईच्या डोळ्यांना आता लहान काही दिसत नाही, फोनचा पडदा तिला नुसता उजेडाचा तुकडा. बाबांनी सांगितल्याप्रमाणे भोंग्याने फोनला हात लावला नाही. मग बाबा गेले आणि त्यांच्या सामानाची पिशवी साहेबाने ताब्यात घेतली.

आईचा टीव्ही डबा म्हणतात तसला, आणि खाली चौदा वर्षं जुना डीव्हीडी प्लेअर. फोनमधलं चित्रण त्या प्लेअरला कळत नाही. ते त्याला कळेल अशा प्रकारात बदलून तबकडीवर घालावं लागतं. साहेबाने आधी नवा टीव्ही आणला होता, तो खोक्यातच पडून होता. ह्या रिमोटची पाच बटणं मला बोटांनी सापडतात, नवं काही नको, असं आई म्हणाली. तेव्हा साहेब म्हणाला, "मी करून आणतो, त्यात काय?" त्यात काय, हे त्याचं आवडतं वाक्य.

"फोन आण," भोंगा म्हणाली. "मूळ चित्रण फोनमध्ये आहे ना? दुसरीकडून करून घेऊ. मी बसते त्याच्या उरावर."

साहेबाने चष्मा काढला आणि पुसायला लागला. तो चष्मा पुसायला लागला की पुढे काहीतरी वाईट येतं, हे ती लहानपणापासून ओळखून होती.

"फोन मी परवा रिकामा केला. सगळं पुसून ऑफिसच्या वॉचमनला दिला. त्याला गरज होती. डीव्हीडी झाली होती ना, मग..."

"पुसलास?"

"मला काय माहीत, ताई!"

"तुला कधी काय माहीत असतं?"

तिने चपला पायांत घातल्या आणि त्याच्या शर्टाची बाही धरली. टीव्हीशेजारी उभं राहून आईला तिने हातांनी सांगितलं, दुकानात जाऊन येतो. आईने मान हलवली नाही की वळून पाहिलं नाही. बोटाने रिमोट चाचपून तिने चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दुकान चौकातच होतं: पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, जुन्या कॅसेटी बदलून मिळतील. दुकानदार काउंटरमागे एका ओळखपत्राला प्लॅस्टिक चढवत होता. साहेबाला बघून तो हसला. भोंग्याला बघून त्याने हसू आवरतं घेतलं.

"हात का कापलेत?" ती म्हणाली.

"कसले हात?"

"परवा दिलेली डीव्हीडी. दवाखान्यातले गृहस्थ. त्यांचे हात कुठे आहेत?"

दुकानदाराला आठवलं, आणि आठवताच तो खुलला. "अच्छा, ते! ताई, ते फोन उभा धरून घेतलं होतं. उभं चित्रण चौकोनी टीव्हीवर लावलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. गिऱ्हाईक भांडतं, अर्धा टीव्ही रिकामा का म्हणून. त्यामुळे मी स्क्रीन भरून देतो. मग वरचं तरी जातं नाहीतर खालचं तरी. मशीन आपोआप मधलं ठेवतं, त्यात बिचाऱ्यांचं डोकं उडत होतं. मी म्हटलं, असं नको, शेवटची आठवण आहे. मी स्वतः बसून ते वर सरकवून घेतलं. चेहऱ्याला कुठे धक्का लागू दिला नाही."

म्हणजे माणसाने आपुलकीने कापलं होतं. भोंग्याला आणखीच चीड आली. निष्काळजी माणसाला शिव्या देता येतात, काळजी घेणाऱ्याचं काय करायचं?

"आणि आवाज बघितला ना?" दुकानदार पुढे म्हणाला. "एकदम क्लिअर. मी हेडफोन लावून चेक केलाय. फक्त एक सांगू का, ते काही बोलतच नाहीत. नुसता पंखा आणि थोडी खडखड. मी म्हटलं, अशक्तपणा असेल."

"ते बोलत होते!" भोंगा ओरडली, आणि झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या दोन मुली एक पाऊल मागे सरकल्या. "अकरा मिनिटं बोलत होते! बहिरे होते ते. हातांनी बोलायचे. तुम्ही त्यांचं सगळं बोलणं कापून टाकलंत आणि पंखा तेवढा ठेवलात!"

दुकानदाराच्या हातातलं ओळखपत्र मशीनमध्ये अडकून जळका वास यायला लागला. त्याने साहेबाकडे पाहिलं. "साहेब, हे तुम्ही सांगायचं ना. दोन्ही बाजूंना पट्टे राहू द्या, एवढं एक वाक्य. मला कसं कळणार?"

कचेरीत पन्नास माणसांना बोलून गार करणारा साहेब काउंटरवर पडलेले पासपोर्ट फोटो सारखे करायला लागला.

"तुमच्या कॉम्प्युटरवर असेल," भोंगा म्हणाली. "मूळ."

"दर शुक्रवारी साफ करतो, ताई. जागा पुरत नाही." त्याने तरीही शोधलं. कचऱ्याची पेटी उघडून दाखवली, आणखी कसला तरी प्रोग्रॅम लावला, कपाळावरचा घाम पुसत अर्धा तास शोधत राहिला. कुणाची तरी सहल सापडली, कुणाच्या तरी बाळाचं रांगणं सापडलं. बाबा सापडले नाहीत.

परतताना साहेब म्हणाला, "मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम करायलाही लक्ष द्यावं लागतं."

"तुझं हे नेहमीचं आहे, ताई. तुला सगळं येतं, मला काही येत नाही. मला कुणी शिकवलं? मी काही बोललो की तूच मध्ये. आई काय म्हणते, बाबा काय म्हणतात, सगळं तुझ्या तोंडून."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला झोंबलं. तो जन्मला तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्याची भूक, त्याचा ताप, त्याची शाळेची सही, सगळं तिने इकडून तिकडे पोचवलं. त्याला हातांची गरज पडलीच नाही. पण ह्याच्यावरून तिला दुसरं काहीतरी आठवलं, आणि कबूल करायचं राहून गेलं.

"माझ्या तोंडून ना? मग तुझ्या लग्नात काय पोचवायला लावलंस मला?"

तो चालायचा थांबला.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मांडवाबाहेर त्याने तिला बाजूला घेतलं होतं आणि म्हणाला होता, ताई, आईबाबांना सांग, सासरकडच्या लोकांसमोर हात हलवू नका, सगळे बघत राहतात, नुसतं बसून राहा. आणि ते तिने सांगितलं होतं. स्वतःच्या हातांनी. हात हलवू नका, हे हात हलवूनच सांगावं लागलं. बाबांनी मान डोलावली आणि दिवसभर हात मांडीखाली दाबून बसले. प्रत्येक फोटोत ते तसे आहेत. त्यानंतर साहेब घरी आला की बाबांचे हात खिशात जायचे. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहायचे. साहेबाला ते सोयीचंच वाटलं. त्याने कधी विचारलं नाही की चिठ्ठी का.

"ते त्यांनी मनात ठेवलं होतं?" साहेबाने विचारलं.

"अकरा मिनिटं बघितलंस ना? तुला माहीत असायला पाहिजे."

घरी दार लोटलेलंच होतं. आत आई सोफ्यावर नव्हती. ती टीव्हीला खेटून, पडद्याच्या खाली, जमिनीवर पाय दुमडून बसली होती, तोंड पडद्याकडे वर करून. बाबांचा चेहरा वर, आणि त्याच्या बरोबर खाली, जिथे पडदा संपतो तिथे, आईचे हात. बाबांचा खांदा हलला की आईचा हात उठायचा. बाबांचे डोळे वर गेले की आईची बोटं वरच्या कपाटाकडे जायची. शेहेचाळीस वर्षांचा संसार. कुठल्या शब्दाला ह्या माणसाची भुवई कशी होते आणि मान किती कलते, हे तिला पाठ होतं. ती त्यांना त्यांचे हात परत लावत होती.

भोंगा जागच्या जागी उभी राहिली. तिचा राग कुठे गेला नाही, पण त्याला बसायला जागा राहिली नाही.

आईने त्यांना पाहिलं, चित्रण थांबवलं, आणि लेकीला सांगायला लागली. इथे तो डोळ्यांच्या थेंबांविषयी म्हणतोय. इथे कपाटातल्या किल्लीविषयी. इथे हसला, ते आम्ही दोघं पावसात बसची वाट बघत बसलो होतो ते. आणि हे तुझं. तिने चित्रण पुढे सरकवलं. बाबांची मूठ तोंडासमोर आली, हनुवटीपाशी अर्धी दिसली, उघडली. मग डोळे बारीक झाले. आईच्या हातांनी सांगितलं: घसा सांभाळ, सगळ्यांवर ओरडत जाऊ नकोस.

"काय म्हणाली?" साहेबाने विचारलं.

भोंग्याने हातानेच त्याला थांब अशी खूण केली.

मग पडद्यावर बाबांचं बोट वर आलं आणि उजव्या भुवईवर टेकलं. काल साहेबाला ते कपाळ खाजवणं वाटलं होतं, आज एवढं त्यालाही कळलं. तो सोफ्याच्या कडेवर बसला. बाबांनी बोट खाली नेलं. खाली बघितलं, बहुतेक स्वतःच्या हातांकडे, आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. खांदा एकदा झटक्याने हलला. मग पुन्हा वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काही वाचावं असं काहीच नव्हतं.

आईचे हात हवेत उठले आणि तसेच उघडे राहिले.

तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिने हात मांडीवर ठेवले. हे कळत नाही, ती म्हणाली.

"ताई, काय म्हणाले? माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"कळत नाही म्हणते."

"अंदाजाने सांग म्हणावं. काहीही. तिला अंदाज असेलच ना."

भोंग्याने ते हातांनी पोचवलं. आईने पोराकडे थेट पाहिलं आणि सावकाश उत्तर दिलं, आणि भोंग्याने ते त्याला शब्दाला शब्द सांगितलं. "म्हणते, त्याच्या हातात मी माझे शब्द घालणार नाही."

साहेबाचं तोंड एवढंसं झालं. भोंग्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच बरं वाटलं. स्वतःच्या हाताने स्वतःचीच चिठ्ठी फाडून बसला होता, बस आता. ती झाडू घेऊन आली आणि टीव्हीकडे पाठ करून फुटलेल्या ग्लासच्या काचा गोळा करायला वाकली.

साहेबाने रिमोट उचलला. मागे नेलं, लावलं. मागे नेलं, लावलं. मग, दुसरं काय करावं ते न सुचल्यासारखा, त्याने आवाज वाढवला. त्या टीव्हीचा आवाज आजवर शून्यावरच असायचा. त्या घरात तो वाढवायचा कुणासाठी?

पंख्याची घरघर खोलीत भरली. एक ट्रॉली लांब गेली. कापडाची सळसळ झाली, आणि मग: एक थाप, आणि तिच्यामागे लांबलचक खरखर.

भोंग्याच्या हातातली काच हातातच राहिली.

बहिऱ्यांच्या घरात शांतता असते असं लोकांना वाटतं. डोंबलाची शांतता! बाबा सुतार. त्यांचे तळहात म्हणजे पॉलिशपेपर. ते बोलायला लागले की तळव्यावर तळवा आपटायचा, बोटं छातीवर थपथपायची, बाह्या सळसळायच्या. लहानपणी भोंगा त्यांच्याकडे पाठ करून गणितं सोडवायची, आणि मागे काय चाललंय ते तिला न बघता कळायचं. भांडण असलं की थापांवर थापा. ती श्वास धरून बसायची. मग कधीतरी ती एक थाप यायची, आणि मग खरखर: एका तळव्यावर दुसरा तळवा आपटून बोटांच्या टोकांपर्यंत पुसत न्यायचा. ही त्या घराचीच खूण, दुसरीकडे कुणाला कळली नसती. मिटलं. पाटी कोरी. ती खरखर आली की भोंग्याचं पुढचं गणित बरोबर यायचं.

आईने ती खूण हजार वेळा पाहिली होती, पण ऐकली कधीच नव्हती. साहेबाच्या कानांवर पडली असेल, पण ऐकली होती ती एकट्या भोंग्याने.

साहेबाने पुन्हा मागे नेलं. थाप. खरखर.

तिला वाटलं, सांगू नये. आठ वर्षं त्यांनी हात खिशात कोंबले, हा एका रात्रीत सुटणार? राहू दे ह्याला असाच, रिमोट दाबत, जन्मभर. बाबांचं मिटलं असेल. तिचं मिटलेलं नव्हतं. ती काचेकडे बघत राहिली, आणि तो पुन्हा मागे नेत राहिला. पाचव्या वेळेला तिने काचा टेबलावर टाकल्या आणि वळली.

"हात पुढे कर."

"काय?"

"हात पुढे कर म्हणते ना! तळवा वर."

त्याने वर्गात छडी खायला करावा तसा हात पुढे केला. तिने आपला तळवा त्यावर असा हाणला की त्याने डोळे मिटले, आणि मग जोर देऊन, त्याच्या मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, तो पुसत नेला.

"हे म्हणाले."

"तुला कसं..."

"ऐकू आलं मला. आणखी काय!"

"म्हणजे काय पण? ताई, म्हणजे काय?"

चौथ्या फलाटापर्यंत पोचणारा आवाज तिच्या घशात तयार होता. तिने तो बाहेर सोडला नाही. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं सांगितलं. आता आईला विचार."

"आईला कसं विचारू?"

"तुला दोन हात दिलेत त्यांनी."

तो उठला, टीव्हीपाशी गेला आणि आईसमोर जमिनीवर बसला. लाल झालेल्या तळव्यावर त्याने दुसरा तळवा आपटला आणि पुसला, पण उलटा, बोटांकडून मनगटाकडे. आईने ते हात पाहिले. मग पडद्यावर थांबलेला नवऱ्याचा चेहरा पाहिला, बराच वेळ, आणि तिची मान आपोआप हलायला लागली, हो, हो, हेच.

तिने पोराच्या भुवईवरच्या खोकेवर बोट टेकवलं. मग त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, वरचा हात उचलून सरळ केला, दिशा बदलली, आणि तो पुन्हा एकदा बोटांच्या टोकांपर्यंत नीट पुसून घेतला. साहेबाचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडायला लागला. आईने त्याला थोडा वेळ रडू दिलं. मग त्याच्या गुडघ्यावर चापट मारून तिने सांगितलं, चुकलं तुझं, पुन्हा कर.